गोठ्यातील गजकर्ण आणि घरातील नायटा

(बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पशुपालक, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



बऱ्हाणपूर हे तापीकाठचे पुरातन नगर आहे. सन १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या कारकीर्दीत, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालील भुयारांतून या नगरात आणण्यात आले. 'कुंडी भंडारा' या नावाने ती योजना आजही ओळखली जाते. जमिनीखालून वाहणारे पाणी डोळ्यांना दिसत नव्हते. परंतु त्याचा मार्ग ज्यांनी ओळखला त्यांनी नगराची तहान भागविली. आजच्या भाषणाचा विषय असाच डोळ्यांना न दिसणाऱ्या एका वाटसरूचा आहे. तो गोठ्यातून घरात येतो, एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो, पंचातून, चादरीतून, दावणीतून फिरतो. त्याचा मार्ग ओळखल्यावाचून त्याचा बंदोबस्त होणे शक्य नाही. हा वाटसरू म्हणजे त्वचेची बुरशी. जनावरांच्या अंगावर ती उठली की तिला गजकर्ण म्हणतात. माणसांच्या अंगावर उठली की नायटा किंवा दाद म्हणतात.

उदाहरणादाखल एका घराची कल्पना करावी. श्रावणाचा महिना आहे. गोठ्यात ओल आहे. निमाडी गाईचे सहा महिन्यांचे वासरू इतर जनावरांच्या शेजारी दाटीने बांधलेले आहे. त्याच्या डोळ्याभोवती व मानेवर रुपयाएवढे गोल, राखाडी चट्टे उठले आहेत. घरातील मुलगा रोज त्या वासराच्या गळ्यात हात टाकून बसतो. पंधरा दिवसांनी मुलाच्या दंडावर लाल कडेचे गोल वर्तुळ उमटते. मुलाचे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांच्या जांघेत तर गेले कित्येक महिने खाज आहेच. ती लाजेपोटी कोणाला सांगितलेली नाही. दुकानातून एक नळी आणली जाते. दोन दिवसांत खाज थांबते, सर्वांना हायसे वाटते. नळी संपते आणि पंधरवड्याच्या आत चट्टे दुप्पट होऊन परत येतात. पुन्हा नळी आणली जाते. उरलेले मलम वासराच्या मानेवरही लावले जाते आणि वासरू ते चाटून टाकते. वर्ष सरते, खर्च होत राहतो, रोग आहे तेथेच राहतो.

हे उदाहरण कल्पित आहे. तथापि ज्या गावात असे एकही घर नाही असे गाव सापडणे कठीण आहे. या घरात नेमके कोठे चुकले आणि काय करावयास हवे होते, याचा विचार करणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

बुरशीचे स्वरूप

ओल्या भाकरीवर किंवा दमट भिंतीवर बुरशी चढते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. त्वचेवर वाढणारी बुरशी त्याच वनस्पतिसदृश कुळातील, परंतु तिचे अन्न निराळे. कातडीचा सर्वांत वरचा मृत थर, केस, नखे व शिंगे ज्या कठीण द्रव्याची बनलेली असतात, त्या केरॅटिनवर ती जगते. एका ठिकाणी रुजली की ती चोहोबाजूंनी कडेकडेने सरकत जाते आणि मधला भाग काहीसा बरा झाल्यासारखा दिसतो. म्हणूनच चट्टा वर्तुळाकार होतो. इंग्रजीत या रोगाला 'रिंगवर्म' असे नाव पडले आहे. परंतु त्यात कोणताही किडा किंवा जंत नसतो. कोणी टोचून किंवा कोरून किडा काढून देतो म्हणू लागला, तर ती फसवणूक समजावी.

सूक्ष्म बुरशीमुळे प्राण्यांना रोग होतो, हे ज्ञान फार जुने नाही. इटलीतील अगोस्तिनो बासी यांनी १८३५ साली रेशमाच्या किड्यांचा एक साथीचा रोग बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले. सूक्ष्म जीवामुळे प्राण्याला रोग होतो याचा तो पहिला पुरावा मानला जातो. त्यानंतर काही वर्षांतच पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी माणसाच्या डोक्यावरील खवल्यांत बुरशी दाखवून दिली. या रोगावर पोटातून घेण्याचे पहिले प्रभावी औषध ग्रिसिओफुल्विन. ते १९३९ साली वेगळे करण्यात आले होते; परंतु नायट्यावर ते उपयोगी पडते हे ग्लासगो येथील जेम्स जेंटल्स यांनी गिनीपिग या लहान प्राण्यांवर प्रयोग करून १९५८ साली दाखविले. माणसाच्या नायट्याचे औषध अशा रीतीने जनावराच्या गजकर्णातून मिळाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जनावरांतील लक्षणे

गाई-म्हशींमध्ये हा रोग विशेषतः वासरांना होतो. डोळ्यांभोवती, कानांवर, तोंडावर व मानेवर केस गळून गोल चट्टे पडतात आणि त्यांवर राखाडी पांढरी, जाड, भुसभुशीत खपली धरते. लहान वयात रोगाशी लढण्याची शक्ती कमी असते आणि दाटीने बांधल्यामुळे एकाचे अंग दुसऱ्याला लागते. बहुतेक सुदृढ वासरे एक ते चार महिन्यांत आपोआप बरी होतात. मात्र त्या काळात खपली व केस गोठ्यात झडत राहतात आणि त्यांतील बीजाणू, म्हणजे बुरशीचे सूक्ष्म बी, लाकडी खुंटात, दाव्यात व भिंतीच्या भेगांत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. या वर्षीचे वासरू बरे झाले तरी पुढल्या वर्षीच्या वासराला त्याच खुंटावर रोग लागतो, त्याचे कारण हेच.

मांजर व कुत्रा यांच्यात आढळणारी बुरशी वेगळ्या जातीची असते. मांजराच्या बाबतीत एक विशेष धोका आहे. लांब केसांच्या मांजराच्या अंगावर कित्येकदा एकही चट्टा दिसत नाही, तरीही त्याच्या केसांत बुरशी असते आणि ते मांडीवर घेणाऱ्या मुलांना रोग लागतो. घरातील दोन-तीन मुलांना एकाच वेळी नायटा उठला, तर घरात अलीकडे मांजराचे पिल्लू आले आहे काय, ही चौकशी अवश्य करावी.

प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नसतो. सूक्ष्म कोळीवर्गीय किड्यांमुळे होणारी खरूज फार खाजते, कातडी सुरकुतते आणि चट्टे गोल असतातच असे नाही. लम्पी त्वचारोग हा विषाणूमुळे होतो. त्यात ताप येतो व अंगभर गाठी उठतात. हा रोग भारतात २०१९ साली प्रथम आढळला आणि २०२२ मध्ये त्याने अनेक राज्यांत मोठी हानी केली. अशी गाठ दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात तात्काळ कळविणे आवश्यक आहे. शंका असल्यास पशुवैद्य कडेची खपली व केस घेऊन, त्यांवर पोटॅश द्रावणाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही तपासणी सोपी व कमी खर्चाची असून तिच्यामुळे पुढील चुकीचा खर्च वाचतो.

माणसांपर्यंत येणाऱ्या दोन वाटा

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. घरात नायटा आला की सगळा दोष जनावरावर टाकला जातो. जनावरापासून माणसाला रोग लागतो हे खरे. असा चट्टा बहुधा हात, दंड, मान, चेहरा किंवा डोके यांवर, म्हणजे जनावराचा स्पर्श होतो त्या जागी उठतो आणि तो अधिक सुजलेला व लाल असतो. परंतु सध्या भारतभर जी नायट्याची साथ पसरलेली आहे, ती मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जाणारी आहे. जांघ, कंबर, काखा व नितंब ही तिची घरे आहेत. एकच पंचा चौघांनी वापरणे, घामाचे कपडे न धुता पुन्हा चढविणे, ओले कपडे अंगावर वाळविणे, यांतून ती पसरते. आपल्याकडील करदोरा व गंडेदोरे हेही तिचे आश्रयस्थान ठरतात. कारण ते सदैव ओलसर राहतात आणि कातडीला चिकटून असतात. यंत्रमागाच्या उष्ण कारखान्यात आठ-बारा तास उभा राहणारा कामगार, केळीच्या ओल्या बागेत राबणारा मजूर, चुलीपुढे बसणारी गृहिणी, या सर्वांच्या अंगावरील घाम हा या बुरशीचा पाऊस होय.

म्हणजे वर सांगितलेल्या घरात एक नव्हे तर दोन रोग एकाच छपराखाली नांदत होते. मुलाचा चट्टा वासराकडून आलेला आणि वडिलांचा बाहेरून आलेला. दोघांवर एकच नळी चोळली गेली. त्या नळीत काय होते, हे आता पाहिले पाहिजे.

मिश्र मलमाचा मोह

बाजारात मिळणाऱ्या अनेक मलमांत तीन औषधे एकत्र असतात: एक बुरशीवरचे, एक जंतूंवरचे आणि तिसरे स्टेरॉइड. स्टेरॉइड कातडीची आग व खाज ताबडतोब शमविते. पण ही आग म्हणजे शरीराने बुरशीविरुद्ध चालविलेली लढाईच असते. स्टेरॉइड त्या लढणाऱ्या शिपायांना झोपविते. रोग्याला वाटते की रोग गेला. प्रत्यक्षात बुरशी निर्वेधपणे पसरत असते. वर्तुळाची ठळक कड पुसट होते, आत एक व बाहेर एक अशी विचित्र वर्तुळे उमटतात आणि पुढे डॉक्टरांनाही ओळख पटेनाशी होते. १९६८ साली इंग्लंडमधील दोन डॉक्टरांनी अशा रोग्यांचे वर्णन करून या अवस्थेला 'ओळख लपविलेला नायटा' या अर्थाचे नाव दिले होते. म्हणजे हे संकट वैद्यकाला अर्धशतकाहून अधिक काळ ठाऊक आहे.

दीर्घकाळ स्टेरॉइड लावल्याने कातडी पातळ होते, नसा दिसू लागतात आणि जांघेत व काखेत भेगांसारखे पांढरे-तांबडे पट्टे पडतात. हे पट्टे पुढे कायमचे राहतात. लहान मुलांच्या कोवळ्या कातडीतून हे औषध रक्तात जाऊन त्यांच्या वाढीवरही परिणाम करू शकते. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध सातत्याने आवाज उठविला आणि केंद्र शासनाने २०१८ साली लावण्याच्या १४ स्टेरॉइड औषधांचा समावेश 'अनुसूची एच' मध्ये केला. या अनुसूचीतील औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकणे कायद्याला धरून नाही. कायदा झाला, परंतु ग्राहकाने चिठ्ठीवाचून मागणे व दुकानदाराने देणे थांबल्याशिवाय तो कागदावरच राहील.

औषधाची धार

या अर्धवट उपचारांचा आणखी एक परिणाम झाला असून तो अधिक गंभीर आहे. टर्बिनाफिन हे नायट्यावरील एक अत्यंत प्रभावी औषध. बुरशीला आपले पेशीपटल सांभाळण्यासाठी लागणारा एक स्निग्ध पदार्थ तयार करू न देणे, हे त्याचे काम. गेल्या दशकभरात भारतात अशी बुरशी पसरली की जिच्यात या कामाशी संबंधित एका घटकात बदल झालेला आहे आणि तिच्यावर हे औषध पुरेसे चालत नाही. जपानमधील संशोधकांनी २०२० साली भारत व नेपाळमधील रुग्णांकडून मिळालेल्या अशा बुरशीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. २०२३ साली अमेरिकेत न्यू यॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदविले गेले. आपल्या देशाचे नाव अशा कारणाने जगाच्या वैद्यकात जावे, ही भूषणावह गोष्ट खचितच नाही. अर्धी नळी, अर्धा कोर्स आणि चुकीचे मिश्रण या सर्वांमुळे बुरशी कमजोर न होता निगरगट्ट होते. गोठ्यात फेकून दिलेल्या अर्ध्या नळीचा जगाशी असा संबंध आहे.

दूरदेशीच्या सरड्याचा धडा

अचूक औषध व अचूक परिसर यांचे महत्त्व किती, हे एका अगदी वेगळ्या पाळीव प्राण्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मोठ्या शहरांतील काही हौशी लोक अलीकडे परदेशी सरडे पाळू लागले आहेत. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील 'दाढीवाला सरडा' हा एक आहे. घाबरला किंवा रागावला की तो गळ्याखालची काटेरी कातडी दाढीसारखी फुगवितो, म्हणून हे नाव. या सरड्याला कातडीच्या बुरशीचा एक भयंकर रोग होतो. तो होण्यास कारणीभूत बुरशी गजकर्णाहून निराळ्या गटातील आहे. अंगावर पिवळसर तपकिरी खपल्या धरतात, कात नीट सुटत नाही, जखम खोल जाते आणि पुढे स्नायू व हाडांपर्यंत पोहोचून प्राणी दगावतो. वासराचे गजकर्ण आपोआप बरे होऊ शकते. हा रोग आपोआप बरा होत नाही.

बेल्जियममधील पशुवैद्यकांनी २०१० साली असे १४ आजारी सरडे घेऊन त्यांपैकी ७ सरड्यांना एक बुरशीनाशक औषध व उरलेल्या ७ सरड्यांना दुसरे औषध दिले. पहिल्या गटातील ५ सरडे दगावले. दुसऱ्या गटातील एकच दगावला. दोन्ही औषधे बुरशीवरचीच होती, दोन्ही नामांकित होती. परंतु एक त्या प्राण्याला मानवले आणि दुसरे मानवले नाही. यावरून दोन गोष्टी घ्यावयाच्या. पहिली अशी की, 'बुरशीचे औषध' एवढ्याच नावावर कोणतेही औषध कोणत्याही प्राण्याला देता येत नाही. दुसरी अशी की, कोरड्या प्रदेशातील प्राणी ओल्या, घाणेरड्या व थंड पिंजऱ्यात ठेवल्यास औषधाचा उपयोग होत नाही. आजारी सरड्याला इतरांपासून वेगळे ठेवणे, पिंजऱ्यातील ओली माती व लाकूड काढून रोज बदलता येईल असा कागद अंथरणे, त्याला हवी तेवढी ऊब देणे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घेणे, हाच मार्ग आहे. ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांनी खपली दिसताच विलंब करू नये. हौसेपोटी रानातील घोरपड किंवा अन्य वन्य प्राणी घरी आणणे हा मात्र वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे, याचाही विसर पडू देऊ नये.

सरड्याचा पिंजरा असो वा वासराचा गोठा, तत्त्व एकच: रोगी, औषध आणि जागा या तिन्हींचा विचार एकाच वेळी केला पाहिजे.

गोठ्यातील उपाय

चट्टे पडलेले जनावर प्रथम वेगळे बांधावे. त्याचे दावे, मोरकी, खरारा व झूल दुसऱ्या जनावराला वापरू नये. खपली कोरडी असताना खरडू नये. कोमट साबणाच्या पाण्याने ती मऊ करून हलक्या हाताने काढावी. हातात मोजे घालावेत, मोजे नसल्यास प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. निघालेली खपली व केस उकिरड्यावर न टाकता गोळा करून जाळावेत. त्यानंतर पशुवैद्याने सांगितलेले औषध चट्ट्यावर व त्याच्या कडेबाहेर बोटभर अंतरापर्यंत लावावे; कारण बुरशी दिसते त्याहून पुढे गेलेली असते. दुभत्या किंवा गाभण जनावराला पोटातून औषध देण्याचा निर्णय पशुवैद्यावरच सोपवावा. ग्रिसिओफुल्विनसारखे औषध गर्भाला घातक ठरू शकते आणि दुधातून औषधाचा अंश जाण्याचाही प्रश्न असतो. मांजराला तर माणसाचे मलम मुळीच लावू नये. ते अंग चाटते आणि सॅलिसिलिक आम्लासारखी द्रव्ये त्याला विषारी ठरतात.

जळके तेल, रॉकेल, बॅटरीचे आम्ल, बिब्बा यांचा प्रयोग अनेक ठिकाणी केला जातो. यांमुळे कातडी भाजते, जखम चिघळते आणि जनावराला विनाकारण वेदना होतात. आपल्या परंपरेत वनस्पतींचे ज्ञान आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पावसाळ्यात सर्वत्र उगवणाऱ्या टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द आणि दद्रुघ्न, म्हणजे नायट्याचा नाश करणारा, अशी नावे आहेत. मात्र असा उपचार जाणकार वैद्याच्या सल्ल्याने करावा आणि तो चालू असताना रोग पसरत असल्यास वाट पाहत बसू नये.

गोठ्यात ऊन व वारा खेळला पाहिजे. शेण, मूत्र व ओला चारा रोज काढावा. खुंट, गव्हाण व भिंती प्रथम साबणाच्या पाण्याने घासून, मग ब्लीचिंग पावडरच्या ताज्या द्रावणाने भिजवून किमान १० मिनिटे तसेच ठेवावे आणि नंतर धुऊन उन्हात कोरडे होऊ द्यावे. घाणीवर ओतलेले द्रावण वाया जाते, म्हणून आधी घासणे महत्त्वाचे. या कामाच्या वेळी जनावरे बाहेर बांधावीत. भिंतींना वर्षातून दोनदा चुना द्यावा. शिस्तीने काम केले तर यश येते, याचे उदाहरण नॉर्वे देशाने घालून दिले आहे. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वासरांना या रोगाची लस टोचण्याची व गोठे स्वच्छ करण्याची मोहीम चालविण्यात आली आणि एके काळी घरोघर असणारा हा रोग अनेक भागांतून जवळजवळ नाहीसा झाला. आपल्या गोठ्याला लस नसली तरी झाडू, चुना आणि ऊन ही साधने आहेत.

घरातील उपाय

ज्याच्या अंगावर नायटा आहे त्याने लाज न धरता आरोग्य केंद्रात जावे. घरातील सर्वांची तपासणी व उपचार एकाच वेळी व्हावेत; एकाला वगळले तर तो पुढे सर्वांना रोग परत देतो. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे. चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यानंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवावे. प्रत्येकाचा पंचा व आतले कपडे वेगळे असावेत. ते गरम पाण्यात धुऊन उलटे करून कडक उन्हात वाळवावेत. स्नानानंतर जांघा, काखा व बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. करदोरा काही काळ काढून ठेवावा; श्रद्धेला त्याने बाध येत नाही. सैल सुती कपडे वापरावेत. बऱ्हाणपूरचे यंत्रमाग कापड विणतात. ते विणणाऱ्याच्याच अंगावर कोरडे कापड नसावे, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. अंगावरील फिकट चट्ट्याला स्पर्श किंवा टोचणी कळत नसेल, तर तो नायटा समजू नये. ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. कुष्ठरोगाचे औषध शासकीय दवाखान्यात विनामूल्य मिळते आणि वेळेवर घेतल्यास तो पूर्ण बरा होतो.

शिक्षक व अधिकारी यांचे कर्तव्य

शाळेत एखाद्या मुलाच्या डोक्यावर किंवा हातावर चट्टा दिसला की त्याला मागच्या बाकावर एकटे बसविणे किंवा घरी पाठविणे, हा उपाय नव्हे. नायटा पाप नाही, शाप नाही आणि अस्वच्छ घराचे प्रमाणपत्रही नाही. उपचार सुरू केलेल्या मुलाला शाळेपासून दूर ठेवण्याचे कारण नसते. टोपी, कंगवा, रुमाल व टॉवेल यांची अदलाबदल होऊ नये एवढी दक्षता पुरेशी आहे. शिक्षकाने पालकांना एकांतात सांगावे आणि घरी वासरू, मांजर किंवा कुत्रा आजारी आहे काय, हेही विचारावे. हा एक प्रश्न मुलाच्या व जनावराच्या उपचारांचा दुवा ठरू शकतो.

पशुसंवर्धन, आरोग्य व शिक्षण ही खाती कागदोपत्री वेगळी आहेत. बुरशीला मात्र खात्यांच्या सीमा ठाऊक नाहीत. गोठ्यात गजकर्ण पाहणाऱ्या पशुवैद्यकीय कर्मचाऱ्याने घरातील मुलांची चौकशी करावी. घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीने गोठ्याकडे एक नजर टाकावी. औषध निरीक्षकांनी चिठ्ठीवाचून होणाऱ्या स्टेरॉइडच्या विक्रीकडे लक्ष द्यावे. मध्य प्रदेशात २०२३ पासून १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा उपलब्ध आहे. खकनार किंवा नेपानगरच्या दूरच्या पाड्यावरील पशुपालकापर्यंत हा क्रमांक पोहोचविणे, हे प्रत्येक अधिकाऱ्याचे काम आहे. कोरकू, निमाडी, मराठी, हिंदी, उर्दू अशा अनेक भाषा बोलणाऱ्या या जिल्ह्यात ज्याला जी भाषा समजते त्या भाषेत हे सांगितले गेले पाहिजे.

समारोप

प्रारंभी वर्णिलेल्या घराकडे पुन्हा वळावे. त्या घरात वासरू आहे, मुलगा आहे, वडील आहेत आणि खुंटावर चिकटलेली बुरशी आहे. वासराची खपली काढून जाळली गेली, खुंट धुतला गेला, मुलाला व वडिलांना एकाच दिवशी डॉक्टरांकडे नेले गेले आणि दुकानातील मिश्र मलमाची नळी पुन्हा घरात आली नाही, तर पुढच्या श्रावणात त्या घरातील मुलगा नव्या वासराच्या गळ्यात निर्भयपणे हात टाकू शकेल. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. थोडा धीर लागतो, थोडे ऊन लागते आणि लाज बाजूला ठेवून वेळेवर विचारणे लागते. बऱ्हाणपूर जिल्ह्यातील प्रत्येक पशुपालक, शिक्षक व अधिकारी या कामी आपला वाटा उचलतील, अशी अपेक्षा आहे.